गाडीत धुराचा वास येतोय? जागा दोन शोधायच्या असतात

धूर बाहेर कुठे पडतोय ही एक जागा, आणि आत कुठून शिरतोय ही दुसरी. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिलीच शोधली जाते, तीही अंदाजाने. सायलेन्सर बदलून होतो, चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी वास पुन्हा हजर, कारण डिकीचं रबर फाटलेलंच राहिलेलं असतं. याच्या उलटही होतं. डिकीचं रबर बदलून, आत परफ्यूमची बाटली लटकवून गाडी घरी येते आणि खाली फ्लेक्सिबल पाइपची (इंजिनचे हादरे झेलणाऱ्या, जाळी गुंडाळलेल्या लवचिक तुकड्याची) चीर वाढत राहते. परफ्यूम हा तर सगळ्यात वाईट उपाय. वास हाच तुमच्याकडे असलेला इशारा, तोच झाकून काय मिळवणार?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. नाकाला जाणवतं ते अर्धवट जळालेलं इंधन आणि त्यासोबतचे इतर वायू. पण ज्या वाटेने हा वास आत आला, त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइडही आलेला असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं, पेंग येणं ही त्याची लक्षणं. गाडीतल्या सगळ्यांनाच एकदम पेंग यायला लागली तर जेवणाला दोष देऊ नका. चारही काचा उघडा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि सगळे खाली उतरा. एकच मागची काच उघडून भागत नाही. त्याने धूर उलट जास्त ओढला जाऊ शकतो. मोकळ्या हवेतही रक्तातला निम्मा वायू बाहेर पडायला चार-पाच तास लागतात. त्यामुळे उलटी, छातीत दुखणं, भान हरपणं असं काही असेल किंवा गाडीत गरोदर बाई, लहान मूल असेल, तर १०८ला फोन करा. डॉक्टरांना ‘गाडीतला धूर’ असं स्पष्ट सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही, आकडा ९८ दाखवेल आणि सगळ्यांची फसगत होईल.

‘पीयूसी आहे की’ हे उत्तर इथे चालत नाही. पीयूसी मोजली जाते नळीच्या टोकाला, आणि गळती असते तिच्या आधी. शिवाय बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलवर (उभ्या गाडीत, पाय न दाबता) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे ३,००० पीपीएम (दहा लाखांत तीन हजार भाग). रस्त्यावर तो विरून जातो, बंद जागेत तेवढाच अर्ध्या तासात जिवावर बेतू शकतो. गार इंजिन सुरू केल्यावर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात ‘कॅट’, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) तापेपर्यंत, प्रमाण त्याहून कितीतरी जास्त असतं. म्हणून पुढे दिलेली कुठलीही तपासणी सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करायची नाही. गाडी मोकळ्यावर काढा.

आधी वासाची जात ओळखा

धूर दुसऱ्याचा तर नाही ना, हे आधी बघा. पुण्यात नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना लोड घेतलेल्या ट्रकमागे कुठल्याही गाडीत वास येणारच. रिकाम्या रस्त्यावरही येत असेल तर तो आपला.

अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा, नाकात बसणारा वास असेल तर गळती आहे, किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पितंय. डोळे चुरचुरत असतील आणि गाडी डिझेल असेल तर संशय आधी इंजेक्टरच्या बुडाशी घ्या. त्याचं पुढे सविस्तर. कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली, त्यामुळे हल्ली हा वास कमीच भेटतो. भेटला तर मिश्रण फार रिच (हवा कमी, पेट्रोल जास्त) झालंय किंवा कॅट थकलाय असं समजा. पण त्याआधी मल्टिमीटरने बॅटरी तपासा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ व्होल्ट ठीक. १५च्या वर जात असेल तर अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय, बॅटरी उकळतेय आणि अंड्याचा वास तिचा आहे. अशी बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापते. तिच्याजवळ ठिणगी नको.

जळक्या ऑइलचा वास आणि बॉनेटच्या फटीतून निळसर धूर: टॅपेट कव्हरचं पॅकिंग झिरपतंय आणि थेंब मॅनिफोल्डवर (इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पडतायत. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर सांडलेलं ऑइलही असू शकतं, ते एक-दोन दिवसांत जळून जातं. गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट वाफ म्हणजे हीटरच्या कोअरमधून कूलंट गळतंय. दिवे घाटात किंवा कात्रजच्या जुन्या घाटात चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरल्यावर येणारा वास क्लचप्लेटचा. जळक्या प्लॅस्टिकचा असेल तर खाली वाका. रस्त्यावरची कॅरीबॅग उडून तापलेल्या पाइपला चिकटलेली असते. पाइप पूर्ण गार झाल्यावर लाकडी पट्टीने खरवडा.

कच्च्या पेट्रोलचा वास मात्र वेगळा विषय. तो धूर नव्हे, गळती आहे. गाडी सुरूच करू नका, पाइप, इंजेक्टर रेल आणि टाकी तपासून घ्या. वास फक्त पेट्रोल भरल्यावरच येत असेल तर कारण बहुधा पंपावरची ‘राउंड फिगर’. नोझल एकदा कट झाल्यावर आणखी पाऊण लिटर कोंबलं की पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि तो खराब होतो. पहिल्या कटला थांबायचं. सीएनजी गाडीत गॅसचा उग्र वास आला तर सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, कुठलंही बटण दाबत बसू नका, आणि गाडी ढकलून मोकळ्यावर घ्या.

आतल्या हवेच्या बटणाची चाचणी

ही चाचणी फुकट आहे आणि निम्मं काम करते. एसीच्या पॅनलवर गाडीच्या आत वळलेल्या बाणाचं बटण असतं. ते दाबलं की आतलीच हवा फिरते, सोडलं की बाहेरची हवा आत येते. बाहेरची हवा येते ती पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली असलेल्या जाळीतून.

पहाटे देहूरोड–कात्रज बाह्यवळणावर, ट्रक कमी असताना, सगळ्या काचा बंद करून ताशी ६०ने पाच मिनिटं बाहेरच्या हवेवर चालवा, ब्लोअर तीनवर. मग तोच वेग, तोच ब्लोअर, पाच मिनिटं आतल्या हवेवर. बटण दाबल्यावर वास कमी झाला तर धूर पुढून येतोय: बॉनेटखाली गळती आहे आणि जाळी ती ओढून घेतेय. बटण दाबल्यावर वास वाढला तर धूर मागून येतोय. याचं कारण हवेच्या दाबात आहे. बाहेरची हवा ब्लोअरने आत ढकलली जाते तेव्हा केबिनमध्ये थोडा दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते. आतल्या हवेवर तो दाब उरत नाही. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते, नळीतला धूर तिथे घोटाळतो आणि डिकीच्या फटीतून आत येतो. हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये, जिथे मागचा दरवाजा उभा असतो, हे जास्त.

चालवणाऱ्याचं नाक दहा मिनिटांत सरावतं, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. मागे एकाला बसवा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला पाच मिनिटं खाली उतरवा.

कार्बन मोनॉक्साइड मोजणारं बॅटरीवरचं यंत्र घेणार असाल तर आकडा दाखवणारंच घ्या. घरगुती अलार्म ७० पीपीएमला तासभर गप्प बसू शकतो, तो बनलेलाच तसा असतो. यंत्र मोकळ्या हवेत सुरू करा, आकडा शून्याजवळ आला की सीटच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा, एसीच्या झोतात नको. ट्रॅफिकमध्ये आकडा थोडा हलेल, त्याचं काही नाही. रिकाम्या रस्त्यावर तो चढतच राहिला तर गळती नक्की. तीस-पस्तीसच्या वर गेला तर चाचणी तिथेच संपली, काचा खाली.

वास नेमका कधी येतो तेही टिपून ठेवा. फक्त गार इंजिनला, पहिली काही मिनिटं आणि सोबत टिक-टिक आवाज, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग: धातू तापून फुगला की फट मिटते. फक्त पाय दाबल्यावर, तर फ्लेक्सिबल किंवा मधल्या पाइपची चीर, कारण दाब वाढला की ती उघडते. फक्त सिग्नलला उभं असताना, ब्लोअर चालू असताना, तर पुढची बाजू. गॅरेजवाल्याला ‘वास येतो, बघा जरा’ म्हणण्यापेक्षा ‘गार असताना येतो, बटण दाबलं की जातो, डावीकडून टिक-टिक येते’ असं सांगा. निम्मा मजुरीचा वेळ वाचतो आणि सायलेन्सर उगाच बदलला जात नाही.

बाहेर पडण्याची जागा

गाडी रात्रभर गार झालेली हवी. तपासणीच्या आधी खालून प्रेशरने धुऊ नका. खुणा धुऊन जातात. खाली शिरायचं तर पिट, रॅम्प किंवा स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. घरी स्टँड नसतील तर ओळखीच्या वॉशिंग सेंटरवाल्याला सकाळी पहिल्या गाडीआधी पंधरा मिनिटं रॅम्प मागा, बहुतेक देतात.

टॉर्च घेऊन इंजिनपासून मागे या: मॅनिफोल्ड आणि हेडचा जोड, मग ऑक्सिजन सेन्सर, कॅट, जाळीचा फ्लेक्सिबल, मधला पाइप, मागचा सायलेन्सर, टोक. (काही गाड्यांत कॅट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो.) गळतीच्या जागी काजळीची रेघ दिसते. जोडाच्या कडेपासून सुरू होऊन पंख्यासारखी पसरत जाणारी, बुडाशी गडद काळी, टोकाला राखाडी. समोरच्या पत्र्यावर तिचाच दुसरा डाग असतो. फ्लेक्सिबलवर मात्र अशी रेघ नसते. तिथे जाळीच काळवंडते, एका बाजूला फुगते, आणि दाबली की आतला नालीदार पाइप तुटल्याचं बोटाला कळतं. नुसता लालसर गंज म्हणजे गळती नव्हे. डिझेलमध्ये डाग ओलसर, बोटाला लागणारा असतो.

डोळ्याला दिसलं नाही तर साबणाचं पाणी. शॅम्पूची एक पुडी अर्धा लिटर पाण्यात, स्प्रेच्या बाटलीत. इंजिन बंद आणि गार. व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या बाजूला लावा, तिचं तोंड सायलेन्सरच्या टोकात घालून भोवती ओलं फडकं गुंडाळा आणि चालू करा. आता जोडांवर पाणी मारत पुढे जा. सरकवून क्लॅम्प लावलेल्या जोडावर चार-दोन बारीक बुडबुडे आले तर सोडून द्या. फेस आला तर गळती. सायलेन्सरच्या खालच्या बाजूला कंपनीने मुद्दाम ठेवलेलं दोन-तीन मिलिमीटरचं भोक असू शकतं, तिथूनही बुडबुडे येतील. ते पाणी निघायला ठेवलेलं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, सीएनजीत तेवढ्याच ऊर्जेला त्याहून जास्त. कोथरूडहून डेक्कनपर्यंतच जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. हे भोक ‘गळती’ म्हणून वेल्डिंगने बुजवणारे महाभाग आहेत. त्यांच्याकडून वाचवा.

क्लीनर नसेल तर मदतनीसाने गार इंजिन सुरू झाल्याबरोबर जाड, घडी केलेलं ओलं फडकं हातमोजा घालून टोकावर तीन-चार सेकंद दाबायचं. सिस्टिम धड असेल तर फडकं ढकललं जातं, इंजिन घुसमटतं. गळती असेल तर ढकलणं मवाळ आणि पुढे कुठेतरी ‘फुस्स’. आवाज नेमका पकडायला मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं जोडांवर फिरवा. पंख्यापासून आणि बेल्टपासून ती लांब ठेवा. जोडाच्या एकदम जवळ तोंड नेऊन बघू नका. बाहेर पडणारा धूर तोंडावर घ्यायचा नसतो.

दुरुस्ती

मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलणं सोपं, नट काढणं अवघड. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन ते स्टडला (हेडमध्ये बसवलेल्या आटेदार दांडीला) चिकटलेले असतात. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारा, सकाळी पुन्हा. नट आधी किंचित घट्टच्या दिशेने हलवा, मग सोडवा. अडला तर गॅसने नट तापवा, स्टड नव्हे. आजूबाजूचा पेट्रोलचा पाइप आणि वायरिंग झाकून मगच. जोर लावून स्टड हेडमध्ये तुटला तर काम दिवसभराचं होतं. मॅनिफोल्ड निघाला की त्याच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या बारीक पट्ट्यांनी) बघा. वाकला असेल तर नवं पॅकिंगही महिन्याभरात जळेल. मशीन शॉपमध्ये तोंड सपाट करून घ्या. बिडाच्या मॅनिफोल्डला तडा असेल तर बदलणंच बरं. त्याचं वेल्डिंग जमतं, पण आधी पूर्ण तापवून, निकेलच्या रॉडने आणि सावकाश गार करून. रस्त्यावरच्या वेल्डरकडे हे होत नाही.

बसवताना नवं पॅकिंग, शक्यतो नवे नट, आणि सिलिकॉन अजिबात नको; इथलं तापमान त्याच्या झेपेपलीकडचं आहे. मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळा. टॉर्कचा आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. लहान गाड्यांच्या ८ मिलिमीटर स्टडला तो बहुधा २० ते ३० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, म्हणजे मनगटाने, खांद्याने नाही. पॅकिंग नाना पेठेत सहज मिळतं, पण नाव सांगून आणू नका, जुनं सोबत न्या. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत भोकांची जागा बदललेली असते. मॅनिफोल्डखालच्या पाइपला स्प्रिंगचे बोल्ट आणि गोल रिंग असेल तर रिंगसोबत स्प्रिंगही बदला. बसलेल्या स्प्रिंगवर नवी रिंग टिकत नाही.

पुण्यात सगळ्यात जास्त जाणारा भाग म्हणजे फ्लेक्सिबल. गल्लोगल्लीचे स्पीडब्रेकर त्याला खालून ठोकतात, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं इंजिनच्या माउंटिंगमध्ये असतं. इंजिनची डुलकी झेलणं हे फ्लेक्सिबलचं काम, पण मागचं माउंटिंग फाटलं की डुलकीचे हेलकावे होतात आणि जाळी तुटते. नवा टाकण्याआधी बॉनेट उघडा, हँडब्रेक आणि पायब्रेक दाबून दुसऱ्याला क्लच हलकेच सोडायला सांगा, समोर कुणी उभं राहू नका, बाजूने बघा. इंजिन उडी मारत असेल तर माउंटिंग आधी. कंपनीचा फ्लेक्सिबल बहुधा आख्ख्या पाइपसोबतच मिळतो. बाहेर तेवढाच तुकडा कापून नवा वेल्ड करून देतात आणि ते काम चांगलं टिकतं, मात्र आतला व्यास आणि लांबी तंतोतंत हवी. आखूड घातला तर ताणावर तुटतो. आत गुंफलेलं अस्तर असलेला स्टेनलेसचा घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, ऑक्सिजन सेन्सर काढायचा आणि अर्थ वेल्डच्या शेजारीच लावायची. वेल्डर कंटाळा करेल, तुम्ही करू नका. यातला एक चुकला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

मधला पाइप आणि सायलेन्सर: भोक एकच आणि पत्रा भोवती जाड असेल तर पॅच वेल्डिंग. स्क्रूड्रायव्हरने ठोकल्यावर पत्रा आत दबत असेल तर पॅच लावणं म्हणजे पैसे वाया. सायलेन्सर पेस्ट आणि पट्टी वाटेत अडकलात तर ठीक, आणि तीही कॅटच्या मागेच. एम-सील इथे जळून पडतो. लटकवण्याचे रबर तपासा. एक तुटला की सगळं वजन पुढच्या जोडावर येतं. शेवटी नळीचं टोक बंपरच्या कडेपेक्षा बाहेर आलं पाहिजे. बंपरखाली लपलेलं टोक धूर तिथेच सोडतं.

डिझेलवाल्यांसाठी

गार इंजिनवर ‘चफ-चफ’ आवाज, ब्लोअरमधून डोळ्यांना झोंबणारा धूर, आणि प्लॅस्टिकचं कव्हर उचललं की एका इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, कडक थर. इंजेक्टरच्या बुडाचं तांब्याचं वायसर गेलेलं असतं आणि जळलेला वायू सिलिंडरमधून थेट वर येतो. खात्रीसाठी इंजेक्टरच्या खड्ड्यात थोडं साबणाचं पाणी टाकून आयडलवर बघा, बुडबुडे येतील. पटकन दुरुस्त करा. उशीर झाला की वायू सीट खातो आणि इंजेक्टर त्या डांबरात असा रुततो की काढायला खास पुलर लागतो. नुसतं वायसर टाकून चालत नाही: सीट कटरने साफ करायची, कचरा आत पडू द्यायचा नाही, वायसर आणि धरणारा बोल्ट दोन्ही नवे. डिझेलच्या जाणकाराकडेच न्या.

ईजीआरचा (थोडा धूर पुन्हा इंजिनमध्ये नेणारा) पाइप आणि टर्बोमागचा क्लॅम्प याही नेहमीच्या जागा. बीएस-६ डिझेलमध्ये काही शे किलोमीटरनंतर डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला जाळून साफ करतो. तेव्हा तापलेल्या धातूचा वास, आयडल थोडं वर, पंखा जोरात. तो बिघाड नाही. मध्येच गाडी बंद न करता पंधरा-वीस मिनिटं चालवत राहा.

गळती नाही, तरी वास

मग इंजिन जास्त इंधन पितंय का ते बघा. स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) वाचा. लाँग टर्मचा आकडा उणे दहाच्या खाली सतत राहिला किंवा पी०१७२ कोड आला तर मिश्रण रिच आहे: गळका इंजेक्टर, कूलंटचा तापमान सेन्सर, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, या क्रमाने. पी०३०० हा मिसफायर: प्लग आणि कॉइल. मिसफायर सोडून दिला तर कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जळून तो वितळवतो, आणि दोन प्लगच्या खर्चात मिटणारं काम कॅटवर जातं. एअर फिल्टर बदलून वास जाईल ही जुन्या कार्ब्युरेटरची समजूत आहे. इंजेक्शनच्या गाडीत त्याने फारसं काही होत नाही.

उलटा सापळाही आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त, म्हणजे पेट्रोल कमी. ईसीयू आणखी पेट्रोल घालतो. स्कॅनर ‘लीन’ दाखवतो आणि नळी मात्र पेट्रोलने वास मारते. इथे सेन्सर बदलला जातो, कधी दोनदा, आणि दोष असतो पाव इंचाच्या फटीत. कोड दिसला तरी आधी साबणाचं पाणी.

आत शिरण्याची जागा

डिकीच्या रबराला कागदाची पट्टी लावून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. अडखळत निघाली पाहिजे. सुळकन निघाली तिथे रबर दबलंय किंवा डिकीचं कुलूप सैल आहे. दर हातभर अंतरावर पूर्ण परीघ बघा, खालची कड विशेष. रात्री एकाने आत झोपून डिकी बंद करायची (सीट पाडून, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवून) आणि दुसऱ्याने बाहेरून टॉर्च फिरवायचा. प्रकाश दिसला की फट सापडली. टेल लॅम्पचं पॅकिंग आणि नंबरप्लेटच्या दिव्याच्या वायरचं भोक याच वेळी दिसतं.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे बंपरमागच्या हवा बाहेर टाकणाऱ्या झडपा. डिकीच्या आतल्या बाजूच्या अस्तरामागे रबरी पाकळ्यांची जाळी असते. हवा बाहेर जाते, आत येत नाही. मागून कुणी ठोकलं, डेंटिंग-पेंटिंग झालं, की या पाकळ्या तुटतात, रंगाने उघड्याच चिकटतात किंवा बसवायच्याच राहतात. अपघातानंतर वास सुरू झाला असेल तर अस्तर काढा, इथेच बघा. त्याच वेळी पत्र्याच्या जोडांवर सीलर आहे का तेही. नवा पत्रा जोडताना ते राहून जातं. पॉलियुरेथेन सीम सीलरची एक नळी पुरते.

पुढच्या बाजूला बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर बघा. इंजिनचा धूर जाळीत जाऊ नये म्हणून ते असतं आणि वायपरचं काम करताना उखडलं जातं. मग फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा): बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा यांच्या वायरीसाठी पाडलेल्या भोकांना रबरी बूच हवं, नुसती टेप नको. फ्लोअरच्या मॅटखालची बुचं आणि गिअर लिव्हरचं आतलं रबरही हाताने चाचपा.

हा क्रम उलटा करू नका. आधी बाहेरची गळती, मग आतल्या फटी. फटी आधी बुजवल्या तर वास थांबेल, पण बॉनेटखालचा तापलेला वायू वायरिंग आणि ब्रेकच्या पाइपवर मारा करत राहील.

काम झाल्यावर बटणाची चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, दोन्ही प्रकारे पुन्हा करा. मॅनिफोल्डचं काम असेल तर पहिल्या दिवशी थोडा वास येईल. नव्या पॅकिंगवरचा लेप आणि हाताचं ग्रीस जळतं, साठ-सत्तर किलोमीटरमध्ये ते संपतं. त्यानंतरही राहिला तर गाडी पुन्हा रात्रभर गार करा आणि नळी कानाला लावून मॅनिफोल्डपासून सुरुवात करा.